फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर घरी आलेला माणूस

गेल्या वर्षी वर्षावास सुरू होऊन पंधराएक दिवस झाले असतील. भर पावसात कान्हे स्टेशनावर लोकल थांबली आणि आमचे थोरले मामा डब्यातून खाली उतरले. उतरले कसले, आम्ही दोघांनी त्यांना काखेत हात घालून जवळजवळ उचलूनच फलाटावर घेतले. मुंबईच्या रुग्णालयात त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा काढून अकरा दिवस झाले होते. रोग कर्करोगाचा. वस्तीतली पंधरा-वीस माणसे छत्र्या घेऊन स्टेशनावर आली होती. घरी मामींनी पलंगावर नवी चादर घातली होती, उशाशी तांब्या-भांडे ठेवले होते, खिडकी वाऱ्याच्या भीतीने बंद केली होती. "आता सहा महिने जागचं हलायचं न्हाय," असे त्यांनी मामांना बजावले. आम्हीही मान डोलावली. इतकेच नव्हे, तर दोन्ही भाच्यांना बाजूला घेऊन सांगितले, मामांना पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा उठू देऊ नका.

नवव्या दिवशी मामांना १०२ ताप भरला. धाप इतकी लागली की वाक्य पुरे होईना. १०८ ची गाडी बोलावली, कान्हे फाट्याच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायू लावला आणि तिथून पुण्याला हलवले. फोटो काढला तर ऑपरेशनच्या बाजूचे उरलेले फुप्फुस तळाशी मिटून बसले होते, त्यात कफ साचून न्यूमोनिया झाला होता. तिथल्या फिजिओथेरपी विभागातल्या तरुण बाईंनी आम्हाला विचारले, "दिवसातून किती वेळा चालवता यांना?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "अजिबात नाही मॅडम, पूर्ण आराम दिला आहे." त्या आमच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही माया केलीत, पण फुप्फुसाला माया कळत नाही. त्याला काम लागतं."

मामा त्यातून वाचले. पण समाजकार्यात वीस वर्षे वावरलेल्या, चार बुके वाचलेल्या आमच्यासारख्यांना जे ठाऊक नव्हते, ते आपल्या कष्टकरी कुटुंबांत कितींना ठाऊक असेल, हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून पुढचे काही महिने डॉक्टरांना, परिचारिकांना विचारून, जे कळेल ते वहीत टिपून घेतले. ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून आहोत. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांचा शब्द शेवटचा, हे धरूनच पुढचे वाचावे.

नेमके काय कापतात?

आपल्या उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. डाव्या बाजूला हृदयाला जागा द्यावी लागते, म्हणून तिकडे एक कमी. गाठ लहान असेल तर कधी कप्प्याचा एक तुकडाच काढतात, बहुतेक वेळा गाठ असलेला पूर्ण कप्पा काढतात, आणि गाठ मुळाशी असेल तर एका बाजूचे सबंध फुप्फुस काढावे लागते. सोबत छातीतल्या लसीकाग्रंथीही तपासणीसाठी काढतात. काही ठिकाणी दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून हे काम होते. ज्यांना ते शक्य नसते त्यांना पाठीवर खांद्याच्या पात्याखालून बगलेपर्यंत वळत जाणारा लांब छेद देतात आणि बरगड्या फाकवून आत जातात. दुर्बिणीचा रोगी लवकर हिंडूफिरू लागतो, मोठ्या छेदाच्या माणसाला वेळ लागतो. तेव्हा शेजारच्या गावचा कोणी "आठ दिवसांत कामावर गेला" हे ऐकून आपल्या माणसाला टोचून बोलू नये. कोणाचे काय काढले आणि कसे काढले, ते आधी विचारावे.

एक गैरसमज मात्र इथेच निपटला पाहिजे. "कॅन्सरला चाकू लावला की तो पसरतो," असे आमच्या मामांना किमान दहा जणांनी सांगितले असेल, त्यात एक निवृत्त शिक्षकही होते. हे खोटे आहे. फुप्फुसाचा कर्करोग वेळेत सापडला आणि प्रकृती सोसणारी असली, तर तो मुळासकट काढून टाकणे हाच पूर्ण बरे होण्याचा मुख्य मार्ग आहे. आपल्याकडे बहुतेक रोगी येतातच इतक्या उशिरा की ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. महिनोन्महिने खोकल्याचे औषध नाहीतर टीबीच्या गोळ्या चालू राहतात. आमच्या मामांचेही चार महिने एका दवाखान्यात तसेच गेले होते. तेव्हा ज्याला डॉक्टर "ऑपरेशन करता येईल" असे म्हणतात, तो रोगी त्यातल्या त्यात सुदैवीच म्हणायचा.

आणि फुप्फुस काढून माणूस जगतो का? अमेरिकेत सेंट लुईस शहरात ५ एप्रिल १९३३ रोजी डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक सबंध डावे फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढले. रोगी स्वतः बाळंतपणे करणारे डॉक्टर होते, जेम्स गिल्मोर त्यांचे नाव. ते बरे होऊन पुन्हा आपल्या व्यवसायाला लागले आणि एका फुप्फुसावर तीस वर्षे जगले. पुढे १९५० साली ग्रॅहॅम आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्याने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास छापला. पण स्वतः ग्रॅहॅम अनेक वर्षे सिगारेट ओढत आलेले. ते १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. ज्याचे फुप्फुस काढले तो रोगी डॉक्टरच्या पश्चात जगला. मामांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले, आणि हसताना टाके दुखले म्हणून आम्हालाच बोलले.

बाटलीचे दिवस

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेल्या माणसाच्या बरगडीतून एक जाड नळी निघालेली असते आणि ती खाली पाणी भरलेल्या बाटलीत बुडालेली असते. पहिल्यांदा पाहणारा नातेवाईक घाबरतोच. छातीत साचलेली हवा आणि रक्तमिश्रित पाणी बाहेर यावे, पण बाहेरची हवा आत जाऊ नये, एवढ्यासाठी ती योजना असते. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते, ते चांगले लक्षण. खोकल्यावर बुडबुडे येतात, म्हणजे कापलेल्या जागेतून अजून थोडी हवा गळते आहे. बहुतेकांचे ते काही दिवसांत थांबते, काहींना आठवड्यावर लागते. क्वचित एखाद्याला नळीसकट घरीही पाठवतात. नातेवाइकांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच की बाटली कधीही रोग्याच्या छातीपेक्षा वर उचलायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही आणि आपल्या मनाने नळी चिमटीत धरायची नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच परिचारिका रोग्याला खुर्चीत बसवतात, बाटली हातात देऊन वॉर्डात चालवतात. नातेवाईक म्हणतात, काय ही निर्दय माणसे! आम्हीही म्हटले होते. आता कळते की रुग्णालयातले ते चालणे घरी आल्यावर आम्ही बंद केले, आणि तिथेच घात झाला. माणूस सतत उताणा पडून राहिला, दुखते म्हणून खोकला दाबत राहिला, वरवर श्वास घेत राहिला, की फुप्फुसाचा तळ उघडतच नाही. तिथे कफ साचतो. पायातले रक्तही साकळते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

याच दिवसांत काहींचे हृदय अचानक वेडेवाकडे धडधडू लागते. रुग्णालयात यंत्रावर ते दिसते आणि औषधाने बहुधा आवरते. घरी आल्यावर असे झाले तर मात्र लगेच दाखवायचे.

घरी आल्यावर

रुग्णालयातून सोबत एक प्लास्टिकचे यंत्र देतात किंवा विकत आणायला सांगतात. त्यात तीन रंगीत गोळे असतात. आमच्या घरी ते आठ दिवस टीव्हीवर शोभेला होते. मामा कधी घेत तेव्हा त्यात जोराने फुंकत. गोळे वर जात नाहीत म्हणून यंत्र बिघडले असे आम्ही ठरवून टाकले. वाचकहो, ते फुंकायचे यंत्र नाही, ओढायचे आहे! आधी श्वास सोडायचा, मग नळी ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत ओढायची, गोळे वर टिकवून दोन-तीन आकडे मोजायचे, मग तोंड काढून श्वास सोडायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, असे आम्हाला सांगितले गेले. चक्कर आली तर थांबून घ्यावे.

त्यानंतर खोकायचे. हो, मुद्दाम खोकायचे. एक उशी किंवा घडी केलेली चादर जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि पोटातून खोकून बेडका बाहेर काढायचा. टाके सुटतील ही भीती प्रत्येकाला असते. उशी दाबून खोकल्याने टाके सुटत नाहीत.

आपल्या विहारात आनापान करणारे उपासक आहेत. एकाने मामांना सांगितले, यंत्र कशाला, आनापान करा. आनापानाने मामांचे मन शांत झाले, रात्रीची घालमेल कमी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण आनापानात श्वास आहे तसा पाहायचा असतो, आणि फुप्फुस उघडायला तो मुद्दाम खोल घ्यावा लागतो. दोन्ही करावे, एकाच्या जागी दुसरे धरू नये. टीव्हीवर बघून कपालभाती तर मुळीच नको, डॉक्टरांनी सांगेपर्यंत.

चालणे पहिल्या दिवसापासून. घरातल्या घरात, पडवीत, पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवायचे. चालताना बोलता आले पाहिजे, इतक्या बेताने. धाप लागली की घाबरून खाली बसण्याऐवजी भिंतीला टेकून किंवा गुडघ्यांवर हात ठेवून किंचित पुढे वाकायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना ओठ करतो तसे करून सावकाश सोडायचा. मिनिटा-दोन मिनिटांत धाप बसते. मावळातला पाऊस म्हणजे अंगणातही पाऊल टाकता येत नाही. मामांनी सगळा श्रावण विहाराच्या सभागृहात फेऱ्या मारून काढला. मुले अभ्यासाला बसत आणि त्यांच्या फेऱ्या मोजत. पंधरावर गेले की टाळ्या वाजवत.

ज्या बाजूला छेद आहे त्या बाजूचा हात लोक गळ्यात बांधल्यासारखा अंगाशी धरून ठेवतात. तसे केले तर खांदा आखडतो आणि पुढे सदरा घालणेही मुश्किल होते. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा, जिथवर गेला तिथे कोळशाची खूण करायची, आणि उद्या त्या खुणेच्या वर बोटभर.

दुखणे किती दिवस? याचे उत्तर आम्हाला कोणी आधी दिले असते तर मामींच्या कितीतरी रात्री रडण्यात गेल्या नसत्या. छेद बरगड्यांमधून जातो आणि प्रत्येक बरगडीखालून एक नस धावते. ती ताणली जाते, दुखावते. म्हणून वरची जखम भरून आली तरी छातीच्या पुढच्या बाजूला, स्तनाखाली, पोटाच्या वरच्या भागात बधिरपणा, मुंग्या, आग, मधूनच विजेसारखी चमक हे आठवडेच्या आठवडे राहते. कित्येकांना महिनोन्महिने राहते. रोग परत आला म्हणून ते दुखत नसते. गोळ्या वेळेवर घ्याव्यात. "सहन करतो, सवय नको लागायला" हा मामांचा बाणा होता. दुखले की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि पुन्हा तेच न्यूमोनियाचे चक्र. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, तशी आग होत असेल तर डॉक्टरांना ते सांगावे. काही गोळ्यांनी शौचास खडा होतो. पाणी, पालेभाजी आणि गरज पडल्यास रेचक विचारून घ्यावे, कुंथायला लावू नये.

कोरडा खोकला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहतो. थकवा त्याहून चिवट. सकाळी बरा असलेला माणूस दुपारी अचानक गळून जातो, चिडतो, जेवण नको म्हणतो. तीन दिवस चांगले आणि चौथा वाईट, असेच ते चालते. दमाचे म्हणाल तर उरलेले कप्पे हळूहळू फुगून रिकामी जागा बऱ्याच अंशी भरून काढतात. एक कप्पा गेलेल्या माणसाचा दम पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पुष्कळसा परत येतो. पूर्ण बाजू काढली असेल तर चढ, जिना, ओझे यांवर कायमची मर्यादा येते, तरी सपाटीवरचे रोजचे जगणे बहुतेकांना जमते.

भगिनींसाठी एक सांगायचे राहू नये. छेद नेमका ब्लाऊजच्या शिवणीखाली येतो. महिना-दोन महिने सैल गाऊन किंवा पुढून बटणाचा मऊ सदरा घालावा. पाण्याचा हंडा, ओल्या कपड्यांची बादली, कडेवर नातू हे दीड-दोन महिने तरी नको. साधारण चार-पाच किलोंपेक्षा जड काही नाही. आपल्याकडे पुरुष आजारी पडला तर घर त्याच्याभोवती उभे राहते, आणि बाई आजारी पडली तर आठव्या दिवशी तिच्या हाती पोळपाट-लाटणे येते. हा हिशेब आम्ही आमच्याच घरात पाहिला आहे.

चुलीचा धूर मात्र बाई असो वा पुरुष, दोघांनाही वर्ज्य. पावसाळ्यात ओली लाकडे पेटवली की सगळे घर कोंदते. पाणी तापवायची चूल निदान काही महिने तरी बाहेर न्यावी. उदबत्ती, डासांची कॉइलही रोग्याच्या खोलीत नको. विडीबद्दल काय सांगावे! ज्याने तीस वर्षे ओढली त्याला वाटते, आता फुप्फुसच कापले, अजून काय व्हायचे राहिले? पुष्कळ काही व्हायचे राहिलेले असते. जखम भरणे, कफ सुटणे, उरलेल्या फुप्फुसात नवी गाठ न होणे, या सगळ्यांवर विडी सोडल्याचा फरक पडतो. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकट फोन आहे. मामांची विडी सुटली. त्यांच्या थोरल्या मुलाची मात्र सुटलेली नाही, तो विहाराच्या मागे जाऊन ओढतो आणि आम्हाला दिसत नाही असे समजतो. विडी न ओढणाऱ्यालाही हा रोग होतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपण प्रत्येक रोग्याला गुन्हेगार ठरवू. मामांनी सत्तावीस वर्षे फाउंड्रीत वाळूच्या साच्यांजवळ काम केले. खडी क्रशरवर, फाउंड्रीत उडणारी बारीक सिलिकाची धूळही फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक कारण आहे. कोणत्या रोग्यात नेमके कशाने झाले ते सांगता येत नाही, पण कामाची माहिती डॉक्टरांच्या कागदावर नोंदवून घ्यावी.

जेवणाला फार पथ्ये नाहीत. अंडे, डाळ, मटकीची उसळ, मासळी, झेपेल तसे मटण, दूध, नाचणीची पेज. जखम भरायला प्रथिने लागतात. एकदम भरपेट खाल्ले की पोट वर दाबते आणि दम लागतो, म्हणून थोडे थोडे पाच-सहा वेळा. "ऑपरेशनवाल्याला अंडी नको, पू होतो," असे सांगणारे भेटतील, त्यांचा मान राखावा आणि अंडे खाऊ घालावे.

वेगळा कप

हे लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. रुग्णालयातून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या लक्षात आले की मामांचा चहा एका वेगळ्याच कपात येतो. कानतुटका, निळ्या फुलांचा कप. तो वेगळा धुतला जात होता, वेगळा कोनाड्यात पालथा ठेवला जात होता. ताटही वेगळे. नातवंडांना त्यांच्या पलंगाजवळ जायची बंदी. मामी वाईट नव्हत्या, त्यांना कोणीतरी सांगितले होते की हा रोग उष्ट्यातून लागतो.

मामा काही बोलले नाहीत. एके संध्याकाळी आम्ही दोघेच होतो, तेव्हा म्हणाले, "माझ्या आज्याला हाटेलात बाहेरच्या बाजूला ठेवलेला कप मिळायचा. आपला आपण धुवायचा आन् पालथा घालायचा. बाबासाहेबांनी त्यो कप फोडला. आता माझ्याच घरात कोनाडा झाला बघ."

आम्ही त्याच वेळी आत गेलो आणि मामींना सांगितले. कर्करोग संसर्गजन्य नाही. उष्ट्याने, श्वासाने, कपड्याने, शेजारी झोपल्याने तो लागत नाही. टीबी हवेतून पसरतो, त्याची गोष्ट निराळी, आणि दोन्ही रोग छातीचेच म्हणून लोक गल्लत करतात. नातवंडांनी आजोबांच्या मांडीवर जखम सांभाळून खुशाल बसावे. ज्याला सर्दी-खोकला-ताप आहे त्याने मात्र लांब राहावे, कारण त्याच्यापासून रोग्याला धोका आहे, रोग्यापासून त्याला नाही. मामींनी तो कप उचलला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. आपल्या समाजात माणूस आजारी पडला की सारी वस्ती लोटते, हे आपले बळ आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत बारा माणसे बसली की रोग्याला हवा उरत नाही. त्यातले निम्मे लोक कोणाकोणाला हाच रोग झाला आणि तो कसा गेला ते सविस्तर सांगतात. आम्ही शेवटी विहाराच्या फळ्यावर लिहिले की मामांना भेटायचे असेल त्याने संध्याकाळी पाच वाजता यावे आणि त्यांच्याबरोबर फेऱ्या माराव्यात. गर्दी निम्म्यावर आली, आणि जे आले त्यांचा उपयोग झाला.

केव्हा पळायचे

दुखणे, खोकला, थकवा हे अपेक्षित. पण पुढील गोष्टी दिसल्या तर उद्यावर टाकू नये. ताप १००.४ च्या वर किंवा थंडी वाजून. अचानक वाढलेली धाप, बसल्या जागी लागणारी. छातीत नव्याने उठलेली तीव्र कळ. खोकल्यातून ताजे रक्त, किंवा एकाएकी भरपूर पातळ पाणी पडणे. जखम लाल होऊन पू किंवा दुर्गंधी. एका पायाच्या पोटरीला सूज आणि ठणका. मान-छातीची कातडी फुगून दाबल्यावर कुरकुरणे. ओठ निळे पडणे, माणूस बरळू लागणे. १०८ ला फोन करावा आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्यावेत. त्या रात्री आमची फाईल कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली भाच्याच्या खिशात पिंपरीला. तेव्हापासून फाईल दाराच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते.

कागद आणि पैसा

काढलेल्या गाठीचा आणि ग्रंथींचा तपास काही दिवसांनी येतो. तो आणायला विसरू नये, पुढचे सगळे त्यावर ठरते. रोग ग्रंथींत पोहोचला असेल किंवा गाठ मोठी असेल तर किमो सुचवतात, ती बहुधा ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते. काहींच्या गाठीत विशिष्ट बदल सापडला तर गोळ्यांचा उपचारही असतो. "ऑपरेशन यशस्वी झाले, मग किमो कशाला?" असा प्रश्न पडतो. डोळ्यांना आणि यंत्रालाही न दिसणाऱ्या पेशी उरल्या असतील तर त्यांच्यासाठी ती असते. पुढे पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन, मग वर्षातून एकदा, असा क्रम राहतो. त्या तारखा चुकवू नयेत.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ पासून जोतिबांच्या नावाने आहे, आणि आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत असलेल्याच रुग्णालयात ती चालते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटावे, बिल झाल्यावर नव्हे. चौकशीचा फोन १५५३८८.

कारखान्यातल्या बांधवांनी ईएसआयचे कार्ड काढून पाहावे. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण कर्करोग हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे, आणि ते दिवस संपल्यावर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळू शकतो, हे आमच्या मामांच्या खात्यात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटी कामगारांनी आपला ठेकेदार वर्गणी भरतो की नुसती कापतो, हे धडधाकट असतानाच तपासावे. ज्यांना यातले काहीच नाही त्यांनी वडगावला तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करावी. कर्करोगाचे रोगी तिच्यात बसतात, उत्पन्नाची अट आहे.

उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत आहे. दुसऱ्या वर्गात दोघांना ७५ टक्के, शयनयानात रोग्याला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के. ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ पासून उभे आहे, बाहेरगावच्या रोग्यांचा मोठा प्रश्न राहण्याचा असतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्यासाठी आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

कामावर केव्हा जायचे, हा शेवटी प्रत्येक घरातला खरा प्रश्न. बैठे काम असेल तर बरेच जण महिना-दीड महिन्यात जातात. अंगमेहनतीचे असेल तर दोन-तीन महिने, आणि मध्ये किमो आली तर त्याहून अधिक. मामांना धुळीच्या खात्यात परत जायचे नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. तो कागद घेऊन आम्ही तीन वेळा कारखान्यात गेलो. आधी जागा नाही म्हणाले, मग बघू म्हणाले. पाचव्या महिन्यात त्यांना स्टोअरमध्ये नोंदवहीवर बसवले. पगार थोडा कमी झाला. मामा म्हणतात, आता हातात पेन आहे तर अक्षर सुधारतो.

परवा त्यांच्या दुसऱ्या स्कॅनची तारीख होती. घरापासून स्टेशनापर्यंत ते चालत आले. वाटेत दोनदा थांबले, एकदा दमासाठी आणि एकदा चहासाठी. लोकल आली तेव्हा सवयीने आमचा हात त्यांच्या काखेकडे गेला. त्यांनी तो बाजूला केला, दांडा धरला, श्वास सोडला आणि वर चढले. फाईलची पिशवी मात्र आमच्याकडेच राहिली होती, ती द्यायला गाडीबरोबर चार पावले पळावे लागले, आणि धाप आम्हाला लागली.